ढवळ्या कोणत्याही खुंट्याला बांधा

पोळ्याच्या दिवशी बैल सजवताना कोणी "दुसऱ्या खुंट्याचा बैल आण" असं म्हणत नाही. खुंटा आज एक, उद्या दुसरा. ढवळ्या मात्र ढवळ्याच राहतो. संगणकाच्या जगात हे उमगायला बराच काळ गेला.

आमच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात मी संगणकाचं काम बघतो. तिथे एकाच मशीनवर तीन आभासी संगणक, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालतात. त्यांतल्या एकाला तीन नेटवर्क कार्डं होती. वहीत मी लिहून ठेवलं होतं: नेट१ परीक्षा विभाग, नेट२ ग्रंथालय. नेट० बिनकामाचं होतं, ते दुपारी कायमचं काढून टाकलं. संध्याकाळी लाइन गेली, रात्री इन्व्हर्टरही बसला. परीक्षा संपली होती, म्हणून सकाळी वही बघून नेट१ काढलं, आणि ग्रंथालय बंद पडलं!

कोणीतरी मशीनला लिंबू-मिरची बांधली. मी ती सोडून टाकली. नजर लागली म्हटलं की कारण शोधणंच थांबतं, आणि इथे कारण तर समोर होतं.

आभासी संगणकाचं कार्ड म्हणजे वस्तू नव्हे, एक्सएमएल (खुणांमध्ये माहिती लिहायची पद्धत) फाइलीतल्या चार ओळी. लिबव्हर्ट ही प्रणाली ती फाइल वाचते आणि क्यूईएमयू या प्रोग्रामकडून संगणक उभा करून घेते. उभा करताना प्रत्येक कार्डाला ओळखनाव लागतं. आपण दिलं नाही, तर लिबव्हर्ट फाइलीतल्या क्रमाने मोजत जातं: नेट०, नेट१, नेट२. ही नावं संगणक चालू आहे तोवरचीच, कायमच्या फाइलीत ती उतरत नाहीत. म्हणून दुपारी पहिलं कार्ड काढलं तरी उरलेली दोन नेट१ आणि नेट२च राहिली. लाइन आल्यावर मोजणी पुन्हा शून्यापासून झाली. परीक्षा विभाग नेट० झाला, ग्रंथालय नेट१. वही कालच्या मोजणीची होती.

२०१७ साली लिबव्हर्टच्या ३.९.० आवृत्तीत यावर सुरेख उपाय आला. कार्डाच्या ओळींमध्ये 'एलियस' या खुणेत आपणच नाव लिहायचं, उदाहरणार्थ 'यूए-ग्रंथालय'. खऱ्या फाइलीत अर्थात रोमन अक्षरंच लागतात. अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि खालची रेघ, एवढंच चालतं. सुरुवातीला 'यूए-' हवंच, म्हणजे आपलं नाव आणि लिबव्हर्टने दिलेलं नाव यांची कधी टक्कर होत नाही. एका आभासी संगणकात तेच नाव दोनदा चालत नाही. हे नाव फाइलीत टिकतं आणि तेच क्यूईएमयूपर्यंत पोचतं. कार्ड काढायचं तर व्हर्शच्या, म्हणजे लिबव्हर्टला आज्ञा द्यायच्या प्रोग्रामच्या, 'डिटॅच-डिव्हाइस-एलियस' या आज्ञेला फक्त नाव सांगायचं.

हे नाव आतल्या संगणकाला मात्र दिसत नाही. डिस्क आतूनही ओळखता यावी असं वाटत असेल, तर फाइलीत तिचा सीरियल (अनुक्रमांक) वेगळा लिहावा लागतो. व्हर्टआयओ (आभासी संगणकांसाठीच बनवलेल्या प्रकारच्या) डिस्कवर त्याला २० अक्षरांची मर्यादा आहे.

आता वहीत नंबर नाहीत. ग्रंथालयाच्या कार्डाचं नाव 'यूए-ग्रंथालय' आहे, आणि पावसाळ्यात लाइन रोज जाते.