माळ्यावरच्या राउटरला स्विचची नोकरी

फायबरवाला नवा डबा भिंतीला ठोकून गेला आणि जुना राउटर माळ्यावर गेला. परवा टीव्ही, कॉम्प्युटर, प्रिंटर तिघांना एकाच वायरीवर घ्यायचं होतं. स्विच, म्हणजे एका वायरीवर अनेक यंत्रं जोडणारा डबा, आणायला चप्पल घातली आणि आठवलं, अरे, स्विच तर माळ्यावरच पडलाय!

राउटरच्या पाठीला चार पोर्ट एका रंगाचे, एक वेगळा. ते चार लॅन पोर्ट, म्हणजे आत बसवलेला खराखुरा स्विच. वेगळ्या पोर्टाला हात लावायचा नाही. आधी जुन्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर, बदला (दोघांचाही १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या), मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते देणारी सोय, बंद करा, नाहीतर घरात पत्ते वाटणारे दोन होतात. नव्याच्या लॅन पोर्टातून जुन्याच्या लॅन पोर्टात वायर. झालं.

खरी गंमत पुढे. स्विच चालू होतो तेव्हा त्याची वही कोरी असते. कॉम्प्युटर हाळी देतो, 'अमुक नंबरचा प्रिंटर कोण रे?' ही हाळी उरलेल्या सगळ्या दारांतून (म्हणजे पोर्टांतून) बाहेर जाते, पण जाता जाता स्विच पाठवणाऱ्याचा ४८ बिटांचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख नंबर) टिपून घेतो: हा १ नंबरच्या दारातला. प्रिंटर 'ओ' देतो, तोही टिपला जातो: ३ नंबर. पुढची फ्रेम, म्हणजे माहितीचा गठ्ठा, थेट १ वरून ३ कडे, टीव्हीला पत्ताही लागत नाही. स्विचला कुणी काही शिकवलेलं नसतं. नुसतं येणाऱ्याचं तोंड बघून तो शिकतो. कुणी बराच वेळ, बहुतेक स्विचांत ३०० सेकंद, गप्प राहिला की त्याची नोंद खोडतो.

असा पहिला इथरनेट (वायरीच्या नेटवर्कचा) स्विच १९९० मध्ये अमेरिकेत बाजारात आला, सात पोर्टांचा. कंपनीचं नाव चक्क 'कल्पना'! १९९४ मध्ये ती नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने घेतली.

एकाच वायरीची दोन्ही टोकं मात्र याच डब्यात खोचू नका. आयपी पॅकेटला टीटीएल (उरलेल्या आयुष्याचा आकडा) असतो, तो दर राउटरपाशी एकने घटतो आणि शून्यावर पॅकेट मरतं. इथरनेट फ्रेमला तसलं काही नाही. हाळी गोल फिरत राहते आणि सगळं नेटवर्क ठप्प. यावरचा स्पॅनिंग ट्री हा उपाय (जादा वाट बंद करून गोल तोडणारा) संगणकशास्त्रज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढला, पण घरगुती डब्यात तो असेलच असं नाही.

जुन्याचं वायफाय बंद केलंत तरी चालेल. 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर मात्र आणू नका. ते खरंच शोषत असते तर रेंजही गेली असती.

आणि पोर्ट १०/१०० चे (जास्तीत जास्त १०० एमबीपीएस वेगाचे) असतील तर ३०० एमबीपीएसच्या प्लॅनमधले जेमतेम ९५ त्या वायरीवर मिळतील. माझ्या प्रिंटरची त्याबद्दल तक्रार नाही.