डेब्यू डॅगर

अप्रकाशित गुन्हेकथालेखकांसाठी ब्रिटनमधील क्राइम रायटर्स असोसिएशन ही संस्था भरवत असलेली स्पर्धा. कादंबरीकार जॉन क्रीझी यांच्या पुढाकाराने १९५३ साली ही संस्था स्थापन झाली. तिचे ‘डॅगर’ पुरस्कार इंग्रजी गुन्हेकथेच्या क्षेत्रात मानाचे समजले जातात. नवोदितांची ही स्पर्धा १९९८ मध्ये सुरू झाली आणि पहिला मान जूल्झ डेन्बी यांच्या ‘स्टोन बेबी’ला मिळाला. २०२५ पासून ती ‘इमर्जिंग ऑथर डॅगर’ या नावाने ओळखली जाते. पहिल्या प्रकाशित कादंबरीला मिळणारा डॅगर निराळा असून या दोन्हींची नेहमी गल्लत होते.

स्पर्धेसाठी पूर्ण कादंबरी लागत नाही. सुरुवातीचे ३,००० शब्दांपर्यंतचे लेखन आणि उरलेल्या कथानकाचा सारांश इंग्रजीत पाठवायचा, सोबत प्रवेश शुल्क भरायचे. लेखक कोणत्याही देशाचा असला तरी चालतो. खरी कसोटी सारांशात लागते. एरवी रहस्यकथेचा लेखक शेवटपर्यंत खुन्याचे नाव दडवून ठेवतो. इथे मात्र ते आधीच उघड करावे लागते. पहिल्याच प्रकरणात सहज येऊन गेलेले एखादे पत्र किंवा साक्षीदाराच्या तोंडचे निसटते वाक्य पुढे उलगड्याला आधार देणार आहे का, हे त्यावरूनच कळते. नुसत्या चटकदार सुरुवातीवर भागत नाही. उत्तम सुरुवात करून मध्येच अडकलेली हस्तलिखिते पाहिली, की ही अट किती शहाणपणाची आहे हे पटते.

बक्षिसाची रक्कम काही शे पौंडांचीच. लेखकांना ओढ असते ती अंतिम यादीची, कारण त्या यादीतले लेखन प्रकाशक आणि साहित्यिक एजंट (लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करणारे) यांच्यापर्यंत पोहोचते. कॅनडाच्या लुईस पेनी यांचे ‘स्टिल लाइफ’ अनेकांनी नाकारले होते. २००४ मध्ये ते अंतिम यादीत आले, पण पहिला क्रमांक हुकला. तरीही त्याच निमित्ताने त्यांना एजंट मिळाली आणि पुढच्याच वर्षी पुस्तक निघाले. इन्स्पेक्टर गमाशची लोकप्रिय मालिका तिथून सुरू झाली. भारताशी संबंध असलेले उदाहरण बार्बरा क्लेव्हरली यांचे. ब्रिटिश अमदानीतल्या बंगालमध्ये घडणारी त्यांची ‘द लास्ट काश्मिरी रोज’ अशीच अंतिम यादीत झळकून नंतर प्रकाशित झाली.

सर्वांत विलक्षण कथा ॲलन ब्रॅडली यांची. २००७ मध्ये त्यांना डेब्यू डॅगर मिळाला, तेव्हा हे कॅनेडियन गृहस्थ सत्तरीला टेकले होते. १९५० च्या इंग्लंडमधले खेडेगाव, जुनी हवेली आणि तिथे विषांचा अभ्यास करणारी फ्लाविया ही अकरा वर्षांची मुलगी, असे त्यांचे कथानक. बागेतल्या काकडीच्या वाफ्यात माणूस मरताना दिसतो आणि ती घाबरण्याऐवजी कुतूहलाने पुढे सरसावते! हे सारे लिहिणाऱ्या ब्रॅडलींनी तोवर इंग्लंडमध्ये पाऊलही ठेवले नव्हते. पुस्तक लिहून व्हायचे होते, तरी प्रकाशकांमध्ये चढाओढ लागली. ‘द स्वीटनेस ॲट द बॉटम ऑफ द पाय’ २००९ मध्ये आले आणि त्याची पुढे मालिका झाली. ऑस्ट्रेलियाच्या शेली बर यांना २०१९ मध्ये ‘वेक’साठी हा मान मिळाला; ते पुस्तक २०२२ मध्ये निघाले.

विजेत्याचे पुस्तक लगेच निघतेच असे नाही. आमेर अन्वर यांनी २००८ मध्ये ‘वेस्टर्न फ्रिंजेस’साठी स्पर्धा जिंकली. लंडनच्या दक्षिण आशियाई वस्तीच्या साउथॉल भागातली ही कथा त्यांनी अखेर २०१७ मध्ये स्वतःच छापली. मग प्रकाशकाचे लक्ष गेले आणि २०१८ मध्ये ती ‘ब्रदर्स इन ब्लड’ या नावाने नव्याने बाजारात आली.