विंटेज बाल्सा प्रतिकृती विमान : विजेवरील रेडिओ-नियंत्रित बांधणी

साधारणपणे १९३० ते १९५० या काळात मुक्त उड्डाणासाठी (हातातून सोडल्यावर जमिनीवरून नियंत्रण नसलेल्या उड्डाणासाठी) आराखडलेले बाल्सा लाकडाचे किट घेऊन त्यात विजेची मोटर व रेडिओ-नियंत्रण बसवण्याची पद्धत. धड, पंख व शेपूट यांची बाह्यरेषा आणि लाकडी सांगाडा मूळ आराखड्याबरहुकूम ठेवतात. बदल होतो तो नाकाचा, बॅटरीच्या जागेचा आणि शेपटीच्या हलत्या भागांचा. पुढील विवेचनात उदाहरण म्हणून मुख्यतः ‘ज्युनियर ६०’ या प्रकारची विमाने समोर ठेवली आहेत. ६० इंच (सु. १.५२ मी.) पंखविस्ताराचे हे विमान ॲल्बर्ट हॅटफुल यांनी कीलक्राफ्ट या ब्रिटिश कंपनीसाठी १९४६ च्या सुमारास आराखडले.

कालमर्यादा : कोणते विमान ‘विंटेज’ मानावे याबाबत एकवाक्यता नाही. अमेरिकेत १९३८ अखेरपर्यंतचे आराखडे ‘अँटिक’ आणि १९४२ अखेरपर्यंतचे ‘ओल्ड टायमर’ धरतात. ब्रिटनमध्ये ही मर्यादा १९५० अखेरपर्यंत येते. त्यामुळे ज्युनियर ६० ब्रिटिश व्याख्येत बसते, अमेरिकी व्याख्येत बसत नाही. अमेरिकी मर्यादेमागे ठोस कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात बाल्सा लष्करी कामाकडे वळला (मॉस्किटो विमानाच्या धडात प्लायवुडच्या दोन थरांमध्ये तो भरलेला असे), किटमध्ये पाइन व पुठ्ठा आला आणि आराखड्यांची परंपराच खंडित झाली. ब्रिटिश मर्यादा मात्र रचनेतील सातत्य पाहते. युद्धोत्तर पहिल्या चार-पाच वर्षांतील केबिन-विमाने युद्धपूर्व घडणीचीच आहेत. बांधणीच्या दृष्टीने पाहता ब्रिटिश मर्यादा अधिक ग्राह्य वाटते.

विजेवरील उड्डाणाचा आरंभ : याच्या अग्रमानाबद्दल दोन मते आढळतात. जर्मन लेखनात फ्रेड मिलित्की यांचे नाव पुढे येते. त्यांचे प्रयोग १९४० च्या सुमारास सुरू झाले असे सांगतात, परंतु त्यांना यश आले ते हलकी, कार्यक्षम छोटी मोटर उपलब्ध झाल्यावर, १९५० च्या दशकाच्या अखेरीस. १९६० च्या सुमारास ग्राउपनर कंपनीने त्यांच्या ‘सिलेंटियुस’चे किट बाजारात आणले. ब्रिटिश लेखनात हा मान कर्नल एच. जे. टॅपलिन यांना देतात. त्यांनी ३० जून १९५७ रोजी ‘रेडिओ क्वीन’ हे मूळ डिझेल एंजिनाचे विमान रुपे-जस्त बॅटरीवर रेडिओ-नियंत्रणासह उडवले. या दोन दाव्यांत खरे तर विरोध नाही, कारण सिलेंटियुस मुक्त उड्डाणाचे विमान होते आणि रेडिओ क्वीन नियंत्रित. रेडिओ-नियंत्रित विद्युत् उड्डाणापुरते टॅपलिन यांचे अग्रमान स्वीकारावे. शिवाय त्यांचा प्रयोग म्हणजे तयार आराखड्याचे रूपांतरच होते, आणि प्रस्तुत पद्धतीचा तो सरळ पूर्वज ठरतो. टॅपलिन यांनी हे काम पुढे फारसे नेले नाही. मिलित्की यांनी नेले. २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात हाइनो ब्रडिच्का यांनी उडवलेल्या एमबी-ई१ या पहिल्या समानव (वैमानिक बसलेल्या) विद्युत् विमानाशी त्यांचे नाव निगडित आहे.

छंद म्हणून ही पद्धत रुळली ती लिथियम-पॉलिमर बॅटरी व ब्रशविरहित मोटर आल्यावर. सात घटांच्या, २ अँपिअर-तास क्षमतेच्या निकेल-कॅडमियम बॅटरीचे वजन ४०० ग्रॅ. च्या आसपास भरते आणि तिच्यात सु. १७ वॉट-तास ऊर्जा असते. तीन घटांच्या २,२०० मिलिअँपिअर-तास लिथियम-पॉलिमर बॅटरीत सु. १८० ग्रॅ. मध्ये २४ वॉट-तास मिळते.

लाकूड : जुन्या किटमधील लाकूड पुष्कळदा ठिसूळ झालेले असते. छापील वा ठशाने कापलेले भाग थेट न वापरता नमुना म्हणून ठेवावेत व नव्या लाकडावर उतरवावेत. आराखड्याचा कागद दमटपणाने आकसतो वा ताणतो, म्हणून पंखविस्तार आणि पंखाची रुंदी पोलादी पट्टीने आधी तपासावी. मूळ मापे इंचांत असतात. १/१६ इंच म्हणजे १.६ मिमी.; १.५ मिमी. ची फळी घेतली तर मूळ खाचा सैल पडतात.

लाकडाची निवड वजनावरून करावी, बोटाने दाबून नव्हे. ३ × ३६ इंच आकाराची १/१६ इंच जाड फळी १०.६ ग्रॅ. भरली तर घनता घनफुटाला ६ पौंड (सु. ९६ किग्रॅ. प्रतिघनमीटर), १४ ग्रॅ. भरली तर ८ पौंड, २१ ग्रॅ. च्या वर १२ पौंड. शेपटीसाठी ५–६ पौंडी, पंखाच्या फासळ्यांसाठी ६–८ पौंडी आणि धडाच्या लांब पट्ट्या व पंखाच्या कण्यासाठी ९–१२ पौंडी लाकूड योग्य. फासळ्यांना आडव्या छेदाची, ठिपकेदार दिसणारी, न वाकणारी फळी हवी. वळवून बसवायच्या आच्छादनाला लांब रेषांची, सहज वाकणारी. धडाच्या चारही लांब पट्ट्या शक्यतो एकाच फळीतून कापाव्यात. डाव्या-उजव्या पट्ट्यांच्या ताठपणात फरक राहिला तर आडवे दुवे बसवताना धड एका बाजूला वाकते आणि ते नंतर सरळ होत नाही.

बांधणी : आराखडा सपाट पाटावर ताणून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरतात. टाचण्या लाकडातून न टोचता त्याच्या दोन्ही बाजूंना लावतात. धडाच्या दोन्ही बाजू एकावर एक बांधाव्यात, मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा. मूळ सेल्युलोज सिमेंट वाळताना आकसत असे. आज पांढरा वा पिवळा लाकूडगोंद बहुतेक सांध्यांना पुरतो. सायनोॲक्रिलेट झटपट असले तरी सांधा ठिसूळ राहतो, म्हणून धक्का सोसणाऱ्या जागी ते टाळावे. मोटरची भिंत (नाकात मोटर बसवायची उभी फळी), चाकांच्या तारेची बैठक व पंखाचा मधला सांधा यांना इपॉक्सी लागते. पंखाच्या दोन कण्यांमध्ये, मध्यापासून निदान तीन-चार फासळ्यांपर्यंत, उभ्या रेषांची १/१६ इंची बाल्सा-जाळी भरावी. मूळ आराखड्यात ती सहसा नसते. मुक्त उड्डाणात सूर मारून खाली येणारे विमान ओढून वर काढण्याचा ताण पंखावर येत नसे. पंख रबरबँडने बांधण्याची मूळ पद्धत बदलू नये. आपटल्यावर पंख सुटून निघतो आणि वाचतो.

गुरुत्वमध्य व कोन : रूपांतरातील बहुतेक अपयशांचे मूळ येथे आहे, लाकूडकामात नाही. मुक्त उड्डाणाच्या विमानाला हवेत सावरणारे कोणी नसते. म्हणून अनेक आराखड्यांत आडवी शेपूटही पंखासारखी, वरून फुगीर व खालून सपाट असते आणि थोडे वजन उचलते. अशा विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखरुंदीच्या ५० टक्के किंवा त्याहूनही मागे असतो. रेडिओवर उडवताना एवढ्या मागच्या गुरुत्वमध्याने एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा वर-खाली हलणारा भाग) फार हळवा होतो, म्हणून तो ३५–४० टक्क्यांवर आणतात. मग शेपटीची लिफ्ट (उचल) नाकाला खाली दाबू लागते. तिच्या मागच्या कडेखाली १ ते १.५ मिमी. ची पट्टी सरकवून हे सावरता येते, पण त्याने पंख व शेपूट यांच्यातील कोन वाढतो आणि मोटर जोरात चालवताच विमान नाक उचलून चढू लागते. यावर उपाय एलिव्हेटर दाबून धरणे हा नव्हे, तर मोटरचा अक्ष खाली वळवणे हा आहे. ३ अंशांपासून सुरुवात करावी. २५ मिमी. अंतरावरील मोटर-स्क्रूंपैकी वरच्या दोघांमागे १ मिमी. ची चकती घातल्यास सु. २.३ अंश मिळतात. उजवीकडे २ अंश बहुधा पुरतात. गुरुत्वमध्य जितका पुढे, तितका हा कोन अधिक लागतो. म्हणून नाकात उगाच शिसे भरू नये.

मूळ एंजिन, आणि ठिणगीच्या एंजिनांत कॉइल, कंडेन्सर व घट, मोटरपेक्षा जड असत. त्यामुळे रूपांतरित विमान बहुधा शेपटीकडे जड होते. बॅटरी थेट मोटर-भिंतीमागे आणि सर्व्हो (रडर व एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी) पंखाच्या पुढच्या कडेखाली ठेवले तर शिसे क्वचितच लागते. शेपटीत वाचवलेला प्रत्येक ग्रॅम नाकातील सु. ३ ग्रॅम वाचवतो.

मोटर व विद्युत् जोडणी : उडण्याच्या स्थितीत १.५–१.६ किग्रॅ. भरणाऱ्या विमानाला किलोला १२०–१५० वॉट, म्हणजे १८०–२४० वॉट पुरेसे होतात. ३५ मिमी. व्यासाची, प्रतिव्होल्ट मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपासची बाह्यभ्रमी (बाहेरचे कवच फिरणारी) मोटर, तीन घटांची बॅटरी, १० × ७ किंवा ११ × ६ इंची (व्यास × एका फेरीतील सैद्धांतिक पुढची सरक) पंखा, म्हणजे प्रोपेलर, आणि ३०–४० अँपिअरचा वेगनियंत्रक हा रूढ संच. पंखा बदलला की वॉटमीटरने प्रवाह मोजावा. एका इंचाने व्यास वाढला तरी प्रवाह बराच चढतो. लाकडी एंजिन-दांड्यांऐवजी ३–४ मिमी. प्लायवुडची भिंत बसवतात. हवा आत येण्याच्या भोकापेक्षा बाहेर पडण्याचे भोक दुपटीने मोठे हवे. बंद केबिनमध्ये वेगनियंत्रक तापून मोटरचा पुरवठा मध्येच तोडतो. अर्ध्या जोराला ८ अँपिअर धरल्यास २,२०० ची बॅटरी ८० टक्के वापरून तेरा मिनिटे उड्डाण होते. जमिनीवर जोडणी तपासताना पंखा काढून ठेवावा, आणि संदेश तुटल्यास मोटर बंद पडेल अशी व्यवस्था आधी करावी.

नियंत्रण : रडर (उभ्या शेपटीचा डावी-उजवीकडे वळणारा भाग), एलिव्हेटर व मोटर अशा तीन वाहिन्या लागतात. पंखांत एलेरॉन (विमान कलवणारे हलते भाग) कापू नयेत. पंखांची टोके वर उचललेली असल्याने रडरने नाक वळताच पुढे गेलेला पंख उचलला जातो व विमान आपसूक कलते. रडरला दोन्हीकडे २५ मिमी., एलिव्हेटरला १० मिमी. हालचाल सुरुवातीला योग्य. रडर हातातील प्रेषकाच्या उजव्या दांड्यावर, एलेरॉनच्या वाहिनीवर जोडणे सोयीचे.

आच्छादन : टिश्यू वा रेशमावर डोप (आच्छादन ताणून घट्ट करणारे सेल्युलोजचे लाखेसारखे द्रव) लावल्याने उघड्या सांगाड्याला पीळ सोसण्याची ताकद येते. इस्त्रीने चिकटवायची पॉलिएस्टर फिल्म सोपी, पण ती हा ताठपणा देत नाही. तीच वापरायची तर पंखात कर्णपट्ट्या घालाव्यात. डोप निम्मा पातळ करून लावावा आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत पंख पाटाला जखडून ठेवावा, अन्यथा तो पिळतो. पंखटोकांची मागची कडा ३ मिमी. वर ठेवल्यास टोकाकडून विमान ढासळत नाही. दमट हवेत डोप पांढरा पडतो. कोकणात वा मुंबईत हे काम पावसाळ्यानंतरच घ्यावे.

भारतात राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेमुळे एरोमॉडेलिंग परिचित आहे. ‘ड्रोन नियम, २०२१’ मध्ये नजरेच्या टप्प्यात, मनोरंजन वा शिक्षणासाठी उडवायच्या प्रतिकृतींना प्ररूप-प्रमाणपत्राची अट नाही. हवाई क्षेत्राचे लाल, पिवळे व हिरवे विभाग मात्र पाळावे लागतात.

रबरावर उडणाऱ्या लहान किटचेही रूपांतर होते. गिलोज या अमेरिकी कंपनीची सु. २४ इंची विमाने त्यासाठी वापरतात. त्यांत एक वा दोन घटांची बॅटरी व अतिलघू सर्व्हो लागतात, आणि किटमधील जड फळ्या बदलून हलके लाकूड घेणे जवळजवळ अनिवार्य ठरते.