आयएसएसएन म्हणजे मान्यता नव्हे

“आयएसएसएन मिळाला की जर्नल मान्यताप्राप्त,” हा समज दर्यापूरपासून अहेरीपर्यंतच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. आयएसएसएन हा जर्नलला, म्हणजे संशोधनपत्रिकेसारख्या नियतकालिकाला, दिला जाणारा 8 अंकी ओळख क्रमांक; भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मोफत मिळतो. त्याने दर्जा सिद्ध होत नाही. कृपा करून तो मिळवण्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

प्रकाशकाकडे नव्या जर्नलचा प्रस्ताव देताना खरे प्रश्न वेगळेच असतात. या विषयावर आधीची जर्नल्स कोणती, त्यांत काय सुटते? लेख कोण लिहिणार, कोण तपासणार? समजा, विषय कोरडवाहू कापूस. मग संपादक मंडळात एकाच संस्थेचे प्राध्यापक नकोत; मृदा, कीड, बाजार जाणणारी बाहेरच्या विद्यापीठांतली माणसेही हवीत, तीही त्यांच्या लेखी संमतीने. न विचारता नावे छापणे ही शुद्ध फसवणूक आहे.