परदेशात विकास स्वयंसेवक म्हणून जायचंय? ठाणे-नवी मुंबईचे अर्ज नेमके कुठे अडतात

परदेशात जाऊन समाजविकासाचं काम करता येतं, त्यासाठी कुणाला पैसे भरावे लागत नाहीत, उलट राहण्याजेवणाचा भत्ता मिळतो, हे आता ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच तरुणांना ठाऊक झालं आहे. अर्जही जातात. नकार आला की मुलं समजतात, आपलं इंग्रजी कच्चं पडलं किंवा आपण त्या लायकीचे नव्हतो. अर्ज भरायला मदत करताना मला मात्र वेगळंच दिसत आलं आहे. दिघ्याच्या वस्तीत वर्षानुवर्षं संध्याकाळचे वर्ग घेणारी मुलगी कागदावर अडते, कारण त्या वर्षांची एकही ओळ कुणी लिहून दिलेली नसते. येऊरच्या पाड्यांवर आरोग्य शिबिरं लावणारा मुलगा अडतो, कारण पोलिसांचा दाखला त्याने चुकीच्या कार्यालयातून आणलेला असतो. म्हणून सोपे टप्पे इथे भराभर सांगते आणि अडणाऱ्या जागी थांबते.

अर्ज कुणाकडे करायचा

अमेरिकेची पीस कोअर १९६१ पासून स्वयंसेवक पाठवते. इंटरनेटवर तिचीच माहिती जास्त सापडते, त्यामुळे आपली मुलं तिथून सुरुवात करतात आणि दोन-तीन आठवडे घालवल्यावर कळतं की ती फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे. जपान सरकारची मदत संस्था जायकासुद्धा जपानच्याच नागरिकांना पाठवते. भारतीय पासपोर्टवर खुला असलेला सरळ मार्ग म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही. १९७० साली स्थापन झालेला, मुख्यालय जर्मनीत बॉनला. त्यांच्या संकेतस्थळावर आपली माहिती एकदा भरून ठेवायची आणि जागा निघेल तसा अर्ज करायचा. शुल्क नाही. खालचं सगळं यूएनव्ही डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

जाहिरात मात्र तळापर्यंत वाचा. काही जागांचा खर्च एखाद्या देशाचं सरकार उचलतं आणि त्या जागा त्या देशाच्या नागरिकांनाच असतात. ही ओळ नजरेतून सुटली की पूर्ण अर्ज फुकट जातो. दुसरं, आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक म्हणून तुम्हाला भारतात नेमलं जात नाही. भारतातल्या जागा राष्ट्रीय स्वयंसेवकांच्या, त्या वेगळ्या निघतात.

वयाची अट सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते

तरुण स्वयंसेवकांचा गट १८ ते २६ वर्षांचा. त्यात अनुभव फार लागत नाही. मुलं हे वाचतात आणि सव्वीसावं संपत आलं असताना अर्ज करतात. अट अशी आहे की सेवेचा पूर्ण काळ तुम्ही त्या वयोगटात बसायला हवं. नेमणूक वर्षभराची असेल तर तुमचा सत्ताविसावा वाढदिवस ती संपल्यानंतर यायला हवा, नुसता अर्जाच्या दिवसानंतर नाही. निवड, वैद्यकीय तपासणी, व्हिसा यात महिने जातात, तेही मोजा. मनात असेल तर चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षीच हात घाला.

पुढचा गट विशेषज्ञांचा. वय किमान २७ आणि त्या क्षेत्रातला किमान ३ वर्षांचा अनुभव. त्यापुढचा गट ३५ वर्षांवरच्यांचा, १५ वर्षांच्या अनुभवाचा. आता सत्तावीस पूर्ण आहेत आणि कागदावर अनुभव वर्षभराचाच आहे, असा उमेदवार कुठल्याच गटात बसत नाही. अशी कितीतरी मुलं दर वेळी अर्ज करत राहतात आणि दर वेळी नाकारली जातात, कारण कोणी त्यांना हे स्पष्ट सांगितलेलं नसतं. तुम्ही त्या मधल्या जागी असाल तर अर्ज थांबवा आणि अनुभवाचे कागद जमवायला लागा.

अनुभवाचा दाखला, जो कुणाकडेच नसतो

आपल्याकडे समाजकार्य तोंडी चालतं. मंडळ बोलावतं, आपण जातो. बचत गटाचे हिशेब लिहून देतो, तुर्भ्याच्या खाणवस्तीत मुलांना शिकवतो, पुराच्या वेळी चिपळूणला धान्य घेऊन जातो. वर्षाच्या शेवटी स्टेजवर बोलावून नारळ आणि प्रशस्तिपत्रक देतात. त्या प्रशस्तिपत्रकावर ‘मोलाचे सहकार्य’ असं छापलेलं असतं. किती महिने, आठवड्यातून किती तास, नेमकं कुठलं काम, यातलं काहीही नसतं. निवड करणाऱ्याला हेच हवं असतं. सत्काराचे फोटो आणि वर्तमानपत्रातली कात्रणं कितीही जोडली तरी त्याची भरपाई होत नाही.

दाखला असा घ्या. संस्थेचं लेटरहेड, त्यावर नोंदणी क्रमांक, पत्राला जावक क्रमांक आणि तारीख. मजकुरात काम सुरू केल्याची व संपवल्याची तारीख, आठवड्याचे तास, कामाचं स्वरूप आणि ते किती लोकांसाठी होतं हे. खाली विश्वस्ताची किंवा सचिवाची सही, शिक्का आणि चालू असलेला फोन व ईमेल. मजकूर इंग्रजीत मागा. मराठी पत्र आधीच असेल तर त्याच्यासोबत प्रमाणित भाषांतर ठेवा. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असेल तर तिचा नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तालयाच्या प्रमाणपत्रावर असतो. सचिवांना पाठ नसतो, तेव्हा प्रमाणपत्राची प्रत मागून त्यावरूनच उतरवा.

मंडळ नोंदलेलंच नसेल तर काम वाया गेलं असं समजू नका. ज्या महापालिका शाळेत वर्ग घेतले तिथले मुख्याध्यापक, ज्या अंगणवाडीत मदत केली तिथल्या पर्यवेक्षिका, ज्या आरोग्य केंद्राच्या शिबिरात उभे राहिलात तिथले वैद्यकीय अधिकारी, यांच्यापैकी कुणीही आपल्या डोळ्यांसमोर झालेल्या कामाबद्दल लिहून देऊ शकतं. नगरसेवकाचं शिफारसपत्र बहुतेक सगळे आणतात. त्याचा इथे उपयोग नाही, कारण त्यात तुमची ओळख असते, काम नसतं. कॉलेजात एनएसएस केलं असेल तर दोन वर्षांच्या २४० तासांचं आणि सात दिवसांच्या विशेष शिबिराचं प्रमाणपत्र शोधून काढा. बहुतेकांनी ते कॉलेजातून उचललेलंच नसतं आणि कार्यक्रम अधिकारी बदलल्यावर ते मिळवणं फार कठीण जातं.

तास प्रामाणिकपणे लिहा. रविवारी तीन तास असं तीन वर्षं केलेलं काम म्हणजे तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव नव्हे आणि तपासणारा ते सहज मोजतो. तुम्ही ज्यांची नावं संदर्भ म्हणून देता त्यांना विचारणा होते. त्यांना आधी कळवून ठेवा. अनोळखी परदेशी मेल आला म्हणून त्यांनी उत्तरच दिलं नाही आणि अर्ज तिथेच थांबला, असं व्हायला नको. सध्या कुठे काम करत असाल तर दाखला आजच मागा. संस्था बंद पडतात, सचिव गावी निघून जातात.

एकाच माणसाची तीन नावं

दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आपलं आणि वडिलांचं नाव एकत्र. आधारवर तिसराच क्रम. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण बॉनला बसलेल्या माणसाला हे तीन वेगळे उमेदवार वाटू शकतात. अर्जातलं नाव अक्षराअक्षराने पासपोर्टप्रमाणेच भरा आणि अनुभवाची पत्रंही त्याच नावाने घ्या.

लग्न झालेल्या मुलींना हे सर्वांत जास्त भोवतं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या, पदवी माहेरच्या. लग्नानंतर नाव बदलणं कायद्याने सक्तीचं नाही. बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी हाताशी ठेवा आणि निदान पासपोर्ट व आधार यांत एकच नाव करून घ्या. अर्जाची तारीख आठ दिवसांवर आल्यावर हे होत नाही. त्यात महिने जातात आणि खिडकीवर कुणाला तुमची घाई नसते.

पीसीसी: बरोबर कागद, बरोबर वेळ, बरोबर पोलीस ठाणं

नोकरीसाठी पोलीस आयुक्तालयाकडून ऑनलाइन मिळतो तो चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा. परदेशी कामासाठी लागतं ते पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट कार्यालयाने दिलेलं. अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर, शुल्क ५०० रुपये. दर वेळी कुणीतरी चारित्र्याचा दाखला घेऊन खुशीत येतं आणि त्याला हे सांगताना वाईट वाटतं, कारण त्यासाठीही त्याने हेलपाटे घातलेले असतात.

दुसरी अडचण वेळेची. पीसीसीच्या अर्जात देशाचं नाव विचारतात आणि ते प्रमाणपत्रावर उमटतं. शिवाय दाखला सहा महिन्यांहून जुना नको अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. म्हणजे निवड होण्याआधी ‘तयारी’ म्हणून काढलेली पीसीसी दोन्ही बाजूंनी निरुपयोगी. देश कळू द्या, नेमणुकीचं पत्र येऊ द्या, मग काढा. त्याआधी करण्यासारखं काम म्हणजे पत्त्याचा पुरावा नीट करणं.

कारण पडताळणी होते ती तुम्ही आज राहता तिथल्या पोलीस ठाण्यातून. आधार साताऱ्याचं, पासपोर्ट डोंबिवलीचा आणि राहणं घणसोलीत भाड्याने, हे नवी मुंबईत सर्रास आहे. नोंदणीकृत भाडेकरार जवळ ठेवा. आणि हद्द समजून घ्या. जिल्हा ठाणे म्हणून सगळे ठाण्याचं आयुक्तालय निवडतात. ऐरोली, वाशी, नेरूळ हा भाग ठाणे जिल्ह्यातच आहे, पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात, तरी आयुक्तालय नवी मुंबईचंच. कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण ठाणे शहराकडे. शहापूर-मुरबाड ठाणे ग्रामीणकडे. मीरा-भाईंदर २०२० पासून वेगळ्या आयुक्तालयात. चुकीची हद्द टाकली की तुमची फाईल फिरत राहते आणि कुणी फोन करून सांगत नाही. पोलीस घरी येतील तेव्हा शेजाऱ्यांना आणि घरमालकाला आधी कल्पना द्या. ‘इथे असं कुणी राहत नाही’ हे एक वाक्य पुरेसं नुकसान करतं.

पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा शेरा असेल तर दहावीचं प्रमाणपत्र लावून तो काढून घ्या. ज्या १८ देशांसाठी हा शेरा आडवा येतो त्यांत अफगाणिस्तान, सुदान, दक्षिण सुदान आणि येमेन आहेत, आणि स्वयंसेवकांची गरज नेमकी तिथे जास्त असते.

पदवी प्रमाणपत्राला अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, आधीच करून ठेवू नका. ते लागेल का हे देशावर ठरतं. अपोस्टिल मान्य करणाऱ्या हेग करारात नसलेल्या देशासाठी ते चालतच नाही, तिथे वेगळं साक्षांकन आणि दूतावासाचा शिक्का लागतो. मूळ पदवी प्रमाणपत्र मात्र विद्यापीठाकडून आत्ताच आणून ठेवा. शेवटच्या सत्राची गुणपत्रिका म्हणजे पदवी नव्हे.

मुलाखतीत विचारतात ते रोजच्या जगण्याबद्दल

पीस कोअरचे स्वयंसेवक पहिले सुमारे तीन महिने तिथल्या एखाद्या कुटुंबात राहून भाषा शिकतात आणि मग दोन वर्षं काम करतात. यूएनव्हीत इतकं लांब निवासी प्रशिक्षण गृहीत धरू नका. बीसेफ हा सुरक्षिततेचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा आहे, तयारीचे काही पाठ असतात, पोहोचल्यावर माहिती देतात, आणि तुम्ही कामाला लागता. म्हणून निवड करणाऱ्यांना आधीच बघायचं असतं की हा माणूस तिथे टिकेल का.

तिथले दिवस भाषणांचे नसतात. सुरुवातीचे आठवडे ऐकण्यात जातात: गावात पाणी कुठून येतं, ते भरायला कोण जातं, बैठकीत कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं. मग घरोघर नोंदी, गटाच्या सभा, वीज असेल तेवढ्यात अहवाल. मधे कित्येक दिवस असे येतात की काहीच पुढे सरकत नाही, कारण पेरणी चालू असते किंवा रस्ता वाहून गेलेला असतो. भत्ता साधं जगण्यापुरता मिळतो. तो पगार नव्हे, त्यातून घरी हप्ते फेडता येतील असा हिशेब करू नका. आरोग्य विमा असतो आणि महिन्याला अडीच दिवस रजा जमते.

‘मला सेवा करायची आहे’ हे उत्तर सगळे देतात. तुम्ही एखादी अडलेली गोष्ट सांगा. पाड्यावर लसीकरणाला बायका येत नव्हत्या, तुम्ही कुणाशी बोललात, वेळ का बदलली, पुढच्या वेळी किती जणी आल्या. साध्या इंग्रजीत सांगितलं तरी चालतं. हा अनुभव तुमच्याकडे आहे, तो सांगायची सवय नाही, एवढंच. घरी मोठ्याने बोलून बघा.

पीतज्वराची लस

आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांसाठी यलो फीव्हरची लस लागते. ती सरकारने नेमलेल्या केंद्रावरच घ्यायची. आपल्याला जवळची केंद्रं म्हणजे मुंबईतल्या विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनेची. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं, तेव्हा विमानाच्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही. एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. लसीच्या प्रमाणपत्राचं पिवळं कार्ड परतीच्या प्रवासातही हातातल्या बॅगेत ठेवा. बाधित देशातून त्याच्याशिवाय आलात तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

पैसे मागितले की थांबा

नोंदणीचे, प्रशिक्षणाचे, व्हिसाच्या ‘अनामत रकमेचे’ पैसे मागणारी पत्रं संयुक्त राष्ट्रांचा निळा शिक्का लावून येतात. यूएनव्ही कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही. आईचे दागिने मोडून अशी रक्कम भरणारी घरं मी पाहिली आहेत. पत्र आलं की आधी संकेतस्थळावर स्वतःच्या खात्यात जाऊन बघा, तिथे निवडीची नोंद नसेल तर पत्र खोटं. पैसे गेले असतील तर लाजेने गप्प बसू नका, ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.