‘उभी मांडणी शिकवून टाकू का?’ : प्राथमिकच्या गणिताबद्दल पालकांसाठी

या पेटीत शंभर मण्यांची माळ आहे, दहाचे दांडे आहेत, सुटे ठोकळे आहेत, संख्यारेषेची पट्टी आहे आणि हे पत्रक आहे. आधीच्या चार वस्तू मुलांसाठी, पत्रक तुमच्यासाठी.

पेटी नेणारे पालक आम्हाला नेहमी विचारतात तो प्रश्न साहित्याबद्दल नसतोच. तो साधारण असा असतो : "मुलगी दुसरीत आहे. त्रेचाळीस अधिक अठ्ठावीस करायला अर्धं पान भरवते. उभी मांडणी आणि हातचा शिकवून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे."

आमचं उत्तर : थोडं थांबा. उभी मांडणी वाईट नाही, ती शिकायचीच आहे. पण ती सगळ्यात शेवटी यावी. आधी आली तर मुलाला उत्तर येतं आणि संख्या मात्र कळत नाहीत.

अर्ध्या पानावर काय चाललेलं असतं

त्या मुलीची वही नीट पाहिली तर असं काहीसं दिसेल :

४३ + २० = ६३
६३ + ७ = ७०
७० + १ = ७१

हे तिने घोकलेलं नाही. २८ मधले वीस तिने आधी उचलले. मग त्रेसष्टपासून पुढचं पूर्ण दशक किती लांब आहे ते पाहिलं, उरलेल्या आठातले सात तिथे खर्च केले आणि एक शेवटी मिळवला. म्हणजे ८ = ७ + १ हे तिला ठाऊक आहे, ६३ ला ७० व्हायला किती कमी पडतात हे ठाऊक आहे आणि संख्या सोयीप्रमाणे फोडता येते हेही ठाऊक आहे.

आता तिला उभी मांडणी द्या. "आठ नि तीन अकरा, अकराचा एक, हातचा एक. चार नि दोन सहा आणि हातचा एक, सात." उत्तर तेच, जागा कमी. पण या सगळ्यात ४३ ही संख्या कुठेच आली नाही. आले ते ४ आणि ३ हे अंक. मोठ्या माणसाला तो चार म्हणजे चाळीस हे सांगावं लागत नाही. सात वर्षांच्या मुलाला ते अजून पुरतं पटलेलं नसतं.

शाळेत हल्ली संख्या फोडून बेरीज शिकवतात, तेव्हा "हे नवीनच काय काढलं" असं बरेच जण म्हणतात. नवीन त्यात फारसं काही नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) १३५ गुणिले १२ हे उदाहरण एकाहून अधिक रीतींनी सोडवलेलं आहे. बाराचे आठ आणि चार करा, दोन गुणाकार करा आणि मिळवा : १०८० आणि ५४०, एकूण १६२०. नाहीतर वीसने गुणा आणि आठपट वजा करा : २७०० वजा १०८०, पुन्हा १६२०. एकच रीत खरी, हा आग्रह तिथेही नाही.

बोटांवर रागावू नका

लहान मुलाची बेरीज मोजण्यातून उगवते. पाच आणि तीन विचारले की आधी ते पाच बोटं मोजतं, मग तीन, मग सगळी मिळून पुन्हा एकपासून. काही दिवसांनी पाच मनात धरून "सहा, सात, आठ" असं पुढे मोजायला लागतं. मग त्याच्या लक्षात येतं की दोन अधिक सात करताना सातापासून निघालं तर काम वाचतं. हे कोणी न सांगता कळतं तेव्हा मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावं. पुढे जोड्यांचा आधार येतो : सहा नि सहा बारा, म्हणून सहा नि सात तेरा. सगळ्यात शेवटी काही उत्तरं तोंडावर येतात.

या पायऱ्या जिन्यासारख्या एकामागून एक चढल्या जात नाहीत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर यांनी दाखवून दिलं की मुलं एकाच काळात अनेक रीती बाळगून असतात आणि गणित पाहून त्यातली एक निवडतात. म्हणून काल पाठ असलेलं उत्तर आज बोटांवर मोजलं तर ती घसरण समजू नका. बोटांवर हात मारला की मूल मोजणं थांबवत नाही, टेबलाखाली मोजायला लागतं. मग ते कुठे अडतंय हे तुम्हाला दिसायचंही बंद होतं.

चौथीतलं मूल नऊ अधिक आठ अजून एकपासून मोजत असेल तर मात्र लक्ष घाला. माळ काढा आणि दहा पूर्ण करण्याचा खेळ खेळा. माळेत दर दहा मण्यांनी रंग बदलतो तो यासाठीच. नवाला एक दिला की दहा, उरले सात, सतरा.

मराठीतून मोजणाऱ्या मुलांची आणखी एक अडचण असते. ‘तेवीस’ ऐकताना तीन आधी कानावर पडतात, लिहिताना मात्र दोन आधी. त्यामुळे ३२ लिहिलं जातं. ‘एकोणपन्नास’मध्ये पन्नास ऐकू येतात, म्हणून ५९ लिहिलं जातं. हे निष्काळजीपणातून होत नाही. दोन दांडे आणि तीन ठोकळे समोर मांडून ‘तेवीस’ म्हणायला लावा, मग लिहायला सांगा. एकोणपन्नाससाठी माळेवर पन्नासावर बोट ठेवून एक मणी मागे या.

५२ वजा ३७, उत्तर २५

हे उत्तर तुम्हाला कधी ना कधी दिसणारच. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन काढले. पाच. पाचातून तीन गेले, दोन. पंचवीस.

असं उत्तर आलं की आपण म्हणतो, "लक्ष कुठे आहे?" पण पुढची पाच गणितं तपासा, पाचही अशीच चुकलेली असतील. मुलाचं लक्ष असतं, त्याने नियमच वेगळा धरलेला असतो : मोठ्यातून लहान काढायचं. हा नियम त्याला बहुधा आपणच दिलेला असतो. "लहानातून मोठा जात नाही" असं पहिलीत सांगितलं जातं आणि मूल ते प्रामाणिकपणे पाळतं. १९७८ मध्ये ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. बऱ्याच चुकांमागे एक ठरलेली, पण चुकीची रीत असते.

अशा वेळी "हातचा घ्यायला विसरलास" म्हणून उपयोग नाही. दांडे काढा. पाच दांडे आणि दोन ठोकळे मांडा. आता यातून सदतीस दे म्हणा. तीन दांडे मूल सहज देईल. सात सुटे मागितले की थबकेल. त्याच्याकडे दोनच सुटे आहेत. इथे तुम्ही गप्प बसायचं आहे. बहुतेक मुलं थोड्या वेळाने स्वतःच विचारतात, "हा दांडा बदलून दहा सुटे घेऊ?" हातचा म्हणजे एवढंच. दशक सुटं केलं. बारा सुट्यांतून सात गेले, पाच उरले, एक दांडा उरला. पंधरा. दुसऱ्या दिवशी हेच चित्र काढून करा, दांड्यासाठी रेघ आणि सुट्यासाठी टिंब. ते जमलं की उभी मांडणी लिहा आणि दरवेळी विचारा, हा खोडलेला पाच म्हणजे कोणता दांडा? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये शिकण्याचा हाच क्रम मांडला होता : आधी हाताने, मग चित्राने, मग चिन्हाने. आमची पेटी त्याच क्रमावर बेतलेली आहे.

वजाबाकीचा दुसरा रस्ताही मुलाला दाखवा. सदतीसपासून बावन्नपर्यंत पट्टीवर चालत जायचं. चाळीसपर्यंत तीन, तिथून बारा, झाले पंधरा. ५०३ वजा ४९८ यासाठी हातचे घेत बसणारं मूल पाहिलं की वाईट वाटतं. पुढे मोजून ते पाच पावलांवर आहे.

बरोबरचं चिन्ह

मुलाला हे लिहून द्या : ८ + ४ = ___ + ५. रिकाम्या जागी बरीच मुलं १२ लिहितात, काही १७ लिहितात. कारण त्यांच्या लेखी ‘=’ म्हणजे "आता उत्तर लिही". दोन्ही बाजू सारख्या आहेत हा त्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसतो, आणि बीजगणितात हे फार महागात पडतं. उपाय साधा आहे. कधी कधी उलटं लिहा : १२ = ७ + ५. कधी ६ + ३ = ५ + ४. एवढ्यानेही सवय मोडते.

पाढे

पाढे पाठ हवेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. बे एके बे म्हणण्यात ताल आहे, तो सोडू नका. मात्र नुसत्या तालावर पाठ केलेलं मूल ‘सात आठे’ विचारल्यावर साताचा पाढा पहिल्यापासून म्हणायला लागतं.

दोन, दहा आणि पाच आधी घ्या. चारचा पाढा दोनच्या दुप्पट, आठचा चारच्या दुप्पट. नऊचा पाढा दहाच्या पाढ्यातून एक-एक पट काढून. सात आठे अडलं तर पाच आठे चाळीस आणि दोन आठे सोळा, छप्पन्न. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर घरं आहेत, पण सात आठे आणि आठ साते एकच धरले तर पंचावन्नच उरतात. त्यातून एक, दोन, पाच आणि दहाचे काढा, एकवीस राहतात. हे एकवीस एका कागदावर लिहून मुलाला दाखवा. शंभरांची भीती तिथेच ओसरते.

घड्याळ लावून पाढे विचारू नका असं आम्ही आग्रहाने सांगतो. वेग सरावाने येतो. घाईत मूल अंदाजाने बोलायला शिकतं.

दोन अंकी गुणाकारात दुसऱ्या ओळीला एकक स्थानी फुली मारायची, हे आपण सगळेच शिकलो. का मारायची, हे विचारून पाहा. २३ × १४ साठी एक मोठा आयत काढा, लांबी २० आणि ३ मध्ये तोडा, रुंदी १० आणि ४ मध्ये. चार घरं झाली : २००, ३०, ८०, १२. एकूण ३२२. खालची दोन घरं मिळून ९२, म्हणजे उभ्या मांडणीतली पहिली ओळ. वरची दोन मिळून २३०, म्हणजे दुसरी. त्या फुलीच्या जागी खरं तर शून्य आहे, कारण आपण एकाने नाही, दहाने गुणतो आहोत.

क्लृप्त्या जपून द्या. "दहाने गुणलं की शून्य लावायचं" हे पाचवीच्या पुढे, २.५ × १० आलं की फसतं. मूल २.५० लिहून मोकळं होतं. "गुणलं की संख्या वाढते" हे अपूर्णांक आले की फसतं.

भागाकार, थोडक्यात

भागाकाराचे अर्थ दोन. बारा ठोकळे तिघांत वाटले तर प्रत्येकाला किती, हा एक. बारा ठोकळ्यांचे तीन-तीनचे गट किती, हा दुसरा. उत्तर दोन्हींचं चार, कृती वेगळी. दोन्ही हाताने करून घ्या. ९६ ÷ ४ मध्ये नऊ दांडे चौघांत वाटले की प्रत्येकी दोन, एक दांडा उरतो. तो सुटा करून सहात मिसळला की सोळा, प्रत्येकी चार. "वरचा अंक खाली घ्यायचा" तो इथे. आणि भागून उरणाऱ्या ‘बाकी’चा अर्थ गणितातूनच विचारा : २६ मुलं, एका गाडीत चार, तर गाड्या किती? सहा पूर्णांक आणि बाकी दोन हे उत्तर गाडीत बसत नाही.

शाब्दिक उदाहरणं

"जास्त म्हटलं की बेरीज, कमी म्हटलं की वजाबाकी" असं कधीही शिकवू नका. "मीनाकडे १५ गोट्या आहेत. त्या राजूच्या गोट्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत. राजूकडे किती?" इथे ‘जास्त’ आहे आणि उत्तर नऊ आहे. शब्द शोधण्याऐवजी गोष्ट मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा किंवा दोन पट्ट्या काढायला सांगा, एक लांब, एक आखूड. कोणाची लांब, एवढं ठरलं की निम्मं काम झालं.

घरी बसताना

रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. "किती आलं?" याऐवजी "कसं काढलंस?" हा प्रश्न लावून घ्या, आणि तो उत्तर बरोबर आल्यावरही विचारा. नाहीतर ‘कसं काढलंस’ म्हणजे ‘चुकलास’ असं मूल दोन दिवसांत ओळखतं.

"बाबा, एकोणीस आणि चौदा तेहतीस."
"कसं काढलंस?"
"एकोणीसला एक दिला. वीस. मग तेरा."
"एक कुठून आणलास?"
"चौदातून. म्हणून तर तेरा."

एवढ्यावर थांबलं तरी चालतं. त्यात "पण बाईंनी असं नाही शिकवलं" किंवा "माझी पद्धत बघ, किती सोपी" आणू नका. शाळेतली रीत तुम्हाला समजली नाही तर मुलालाच विचारा. ते शिकवायला त्याला आवडतं आणि शिकवताना त्याचं पक्कं होतं. तुमची उभी मांडणी तिसरी-चौथीत, दशक सुटं करणं हाताने आणि चित्राने जमल्यावर, खुशाल दाखवा. दोन्ही रीतींनी एकच उत्तर का येतं, हे मग दोघं मिळून शोधा.

साहित्याबद्दल : सुटे ठोकळे हरवणारच. त्यांच्या जागी बटणं, खडे काहीही चालतं. दहाचा दांडा तुटला तर मात्र नुसते खडे घेऊ नका. दहा काड्या मोजून रबराने बांधा, आणि तो गठ्ठा मुलाला बांधायला सांगा.