किडनीच्या आजारासोबत येणारा बहिरेपणा आणि औषधाने येणारा बहिरेपणा

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या माणसाला कमी ऐकू येऊ लागले की घरचे ते वयावर ढकलतात आणि आजाराची माहिती असलेले किडनीवर. यातला किडनीचा दोष खरा असू शकतो. पण याच रुग्णांना औषधांमुळेही बहिरेपणा येतो, आणि दोन्ही प्रकारांत बहुधा दोन्ही कानांना उंच पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होत असल्याने केवळ ऑडिओग्रामवरून (श्रवणचाचणीच्या आलेखावरून) त्यांतला फरक सांगणे कठीण असते. तो कळतो कालक्रमावरून.

आजारासोबतचा श्रवणदोष सहसा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्स भागात पन्नाशीच्या पुढच्या लोकांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मध्यम स्वरूपाचा मूत्रपिंडविकार असलेल्यांपैकी सुमारे ५४ टक्क्यांना श्रवणदोष आढळला, तर तो विकार नसलेल्यांत हेच प्रमाण २८ टक्के होते. वय, मधुमेह, रक्तदाब हे घटक जमेस धरल्यावर ही तफावत बरीच घटली, तरी नाहीशी झाली नाही.

औषधाचा बहिरेपणा मात्र काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाणवतो. अमिकासिन, जेंटामायसिन यांसारखी प्रतिजैविके मूत्रपिंडावाटेच शरीराबाहेर पडतात. गाळण्याची क्षमता घटली असेल तर नेहमीच्या मात्रेतही ती रक्तात जास्त वेळ राहतात, अंतर्कर्णात शिरतात आणि तिथल्या आवाज टिपणाऱ्या रोमपेशी मारतात. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत, आणि इंजेक्शने संपल्यानंतरही हानी पुढे चालू राहू शकते. जेंटामायसिन व स्ट्रेप्टोमायसिन तर ऐकण्याआधी तोल बिघडवतात. अंधारात चालताना झोकांड्या जाणाऱ्या रुग्णाला ‘अशक्तपणा आहे’ असे सांगून गप्प बसवणे म्हणून चुकीचे ठरते.

फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाची तऱ्हा निराळी आहे. ते मूत्रपिंडातील ज्या क्षारवाहक प्रथिनाला अडवते, त्याचेच एक भावंड अंतर्कर्णातील द्रवाचे क्षारसंतुलन राखते. त्यामुळे मोठी मात्रा शिरेतून वेगाने दिली तर कानात आवाज येतो, ऐकू कमी येते आणि बहुतेकदा काही तासांत किंवा दिवसांत ते पूर्ववत होते. जेंटामायसिनच्या जोडीला दिल्यास मात्र हानी कायमची होण्याचा धोका वाढतो. म्हणून कोणते इंजेक्शन कधी सुरू झाले आणि कान कधी बिघडला, या दोन तारखा शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात. फ्युरोसेमाइड स्वतःच्या मनाने बंद केल्यास फुप्फुसात पाणी साठू शकते. इंजेक्शनांचा कोर्स सुरू होण्यापूर्वीच श्रवणचाचणी झालेली असेल तर तुलना करता येते, आणि नेहमीच्या चाचणीतल्या ८००० हर्ट्झच्या पट्टीपलीकडची, आणखी उंच आवाजांची चाचणी उपलब्ध असल्यास बिघाड लवकर सापडतो. वेळीच कळले तर डॉक्टर पर्यायी औषध देऊ शकतात किंवा रक्तातील पातळी पाहून मात्रा ठरवू शकतात. आजारासोबतच्या संथ श्रवणदोषात असा वाव फारसा नसतो. तिथे श्रवणयंत्र, रक्तदाब व मधुमेहाचे नियंत्रण आणि नियमित चाचणी यांवरच भर राहतो.

तरुण वयात लघवीतून रक्त जात असेल आणि ऐकूही कमी येत असेल, तर मात्र अल्पोर्ट सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचा संशय घ्यावा लागतो. मूत्रपिंडाच्या गाळणीत आणि अंतर्कर्णात एकाच जातीचे कोलॅजन (आधार देणारे प्रथिन) असते आणि या आजारात तेच सदोष असते. त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने, आणि मुलग्याला ते गुणसूत्र आईकडून मिळत असल्याने, अशा मुलाच्या मामांच्या आणि आईच्या वडिलांच्या किडनीची व कानांची चौकशी आधी करावी लागते.